प्रोजेक्टर टांगायचा कुठे?

इथे मिनेसोटात नोव्हेंबर लागला की गोल्फची मैदानं मिटतात, ती थेट एप्रिलपर्यंत. या खेळाचं वेड असणाऱ्यांची मग मोठी पंचाईत होते. आमच्या घरात अशी दोन माणसं आहेत. एक हे आणि दुसरी आमची 12 वर्षांची लेक. तेव्हा यंदा तळघरात ‘गोल्फ सिम्युलेटर’ बसवायचं ठरलं.

नाव भारदस्त असलं तरी प्रकार साधा आहे. समोर जाड कापडाचा पडदा, पायाखाली हिरवळीसारखी चटई आणि चेंडूचा वेग व दिशा टिपणारं एक यंत्र. चेंडू खराच मारायचा. तो पडद्यावर आपटून खाली पडतो आणि त्याचा पुढचा प्रवास संगणक हिशेब करून पडद्यावर दाखवतो. हे चित्र पाडायला लागतो प्रोजेक्टर. घोडं अडलं ते तिथेच!

मी बी. ए. झालेली, रविवारी मराठी शाळेत शिकवणारी. यंत्रातलं मला काय कळणार, असं ह्यांना वाटलं असेल. पण घरात कुठलीही वस्तू आणायची तर आधी जागेचं माप घ्यावं, हे कुणीही बाई सांगेल. टेप घेऊन मीच तळघरात उतरले.

प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ नावाचा आकडा असतो. प्रोजेक्टरचं पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढाच त्याचा अर्थ. आम्हाला चित्र हवं होतं 10 फूट रुंद. आकडा 1.2 असेल, तर प्रोजेक्टर 12 फुटांवर टांगावा लागतो. 0.5 असेल, तर 5 फुटांत भागतं. अगदी पडद्याच्या पायाशी ठेवायचेही प्रोजेक्टर मिळतात, पण परत उसळणारा चेंडू नेमका त्यांच्यावरच यायचा!

उजेडाचं माप ल्युमेन. आमचं चित्र 10 फूट रुंद आणि सव्वासहा फूट उंच, म्हणजे साडेबासष्ट चौरस फूट. 4000 ल्युमेन त्यावर पसरले, की चौरस फुटाला 64 येतात. रुंदी 12 फूट केली, तर तेच 44वर उतरतात. ताक तेवढंच, पाणी वाढवलं की पातळ होणारच.

ह्यांनी 1.2 आकड्याचा, स्वस्तातला प्रोजेक्टर हेरून ठेवला होता. चेंडूची जागा पडद्यापासून 11 फुटांवर, म्हणजे प्रोजेक्टर खेळणाऱ्याच्या मागे जाणार. सावली पडू नये म्हणून तो उजव्या कडेला टांगायचा, असं ह्यांचं गणित. हे उजव्या हाताने खेळतात, म्हणजे पडद्याकडे पाहिलं तर चेंडूच्या डावीकडे उभे राहतात. पण आमची लेक डावखुरी!

मी दोघांना आळीपाळीने जागेवर उभं केलं आणि ह्यांनी ठरवलेल्या जागी शिडीवरून टॉर्च धरला. ह्यांची सावली चित्राच्या बाहेर राहिली. लेकीची मात्र बरोबर मैदानाच्या मध्यावर पडली.

“ती खेळेल तेव्हा देईन सरकवून,” हे म्हणाले.

“आणि तुम्ही घरी नसाल तेव्हा?”

तेवढ्यात लेकच म्हणाली, “असू दे गं आई. मला चालेल सावली.”

मला तेच नको होतं. सासूबाईंनी तिचा चमचा कितीदा तरी डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिला. शाळेतली कात्री उजवी, बाकाची फळीसुद्धा उजवी. सगळीकडे “मला चालेल” म्हणायची तिला सवय लागली आहे. निदान घरच्या तळघरात तरी तिने ते म्हणू नये, असं मी ह्यांना रात्री सांगितलं. हे बराच वेळ गप्प बसले. सकाळी उठून त्यांनीच टेप मागितला.

अखेर 0.5 आकड्याचा प्रोजेक्टर घेतला. पडद्यापासून 5 फुटांवर, बरोबर मध्यावर, छताला घट्ट लावून. खेळणारा त्याच्या 6 फूट मागे, म्हणजे डावा असो वा उजवा, सावलीचा प्रश्नच नाही. भोकं पाडण्याआधी दोघांनी सर्वांत लांब काठी अगदी सावकाश फिरवून पाहिली, कुठे अडत नाही ना म्हणून. आमचं छत 9 फूट आहे, म्हणून निभावलं. प्रोजेक्टर सरळच टांगला. तिरका टांगून यंत्रातल्या सोयीने चित्र सरळ करता येतं, पण त्यात स्पष्टता जाते. आणि पडदा भिंतीपासून फूटभर पुढे ठेवला, चेंडू भिंतीवर आदळू नये म्हणून.

किंमत वाढली, ती दुसरीकडे वाचवली. लेसरऐवजी दिव्याचा प्रोजेक्टर घेतला. काही हजार तासांनी दिवा बदलावा लागेल, तेव्हाचं तेव्हा पाहू.

मैत्रिणींनो, तुम्ही सिनेमासाठी प्रोजेक्टर घेणार असलात, तरी हा टॉर्चचा प्रयोग जरूर करा. मात्र घरातल्या प्रत्येकाला उभं करून!

आता अभ्यास आटोपला की लेक खाली जाते. काही सरकवावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. स्वयंपाकघरात मला चेंडूचा ‘धप्’ आवाज ऐकू येतो आणि मी निवांत पोळ्या लाटत राहते.