हातसडीचा तांदूळ

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला भंडारा जिल्हा हा तळ्यांचा आणि धानाचा प्रदेश होय. आषाढात पाऊस स्थिरावला की येथील बांध्यांतून पाणी साचते, चिखलात पोटरीभर उतरून बायाबापड्या रोवणीला लागतात आणि थोड्याच दिवसांत साऱ्या शिवाराचा रंग पालटतो. दिवाळीच्या सुमारास तेच शिवार पिवळे होऊन वाऱ्यावर डोलू लागते. येथील शेतकरी शेतातल्या पिकाला तांदूळ म्हणत नाही. ते धान. कापणी झाली, मळणी झाली, घरातल्या कणग्या भरल्या, तरी ते धानच. वरचे तूस निघून आतला दाणा उघडा पडला म्हणजे मग त्याला तांदूळ हे नाव मिळते. धानाचा तांदूळ होताना त्या दाण्यावरून काय काय निघून जाते, याचा विचार मात्र खाणारा सहसा करीत नाही. आणि त्याचे आरोग्य तर पुष्कळसे त्यावरच अवलंबून असते.

या भागात इतके धान पिकते याचे श्रेय पावसाइतकेच तळ्यांना द्यावयास हवे. गोंड राजांच्या राजवटीत कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी उताराची जमीन हेरून, मातीच्या पाळी घालून येथे शेकडो तलाव बांधले. पाठशाळेत न जाता पाण्याचा स्वभाव ओळखणारे ते लोक होते. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. तेव्हापासून 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. सरकारी कागदात असे गोड नाव क्वचितच सापडते! १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याबरोबर यांतील बरेच तलाव तिकडे गेले. तलावाचे पाणी बांधीला मिळते, त्यातील मासे आणि शिंगाडे ढिवरांच्या हाती येतात आणि उन्हाळ्यात तळाशी उरलेला काळा गाळ शेतात खत म्हणून पडतो.

धानाचा एक दाणा तळहातावर घेऊन पाहावा. बाहेरचे खरखरीत, सोनेरी कवच म्हणजे तूस. ते माणसाला पचत नाही. ते काढावेच लागते. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग या तुसातच जातो. तूस काढल्यावर दिसतो तो दाणा पांढरा नसतो, तर फिकट तांबूस असतो. त्याच्यावर एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो आणि टोकाशी इवलासा अंकूर दडलेला असतो. पापुद्रा व अंकूर मिळून जे चूर्ण निघते त्यालाच कोंडा म्हणतात. शंभर किलो धानात हा कोंडा जेमतेम आठदहा किलो भरेल. पण निसर्गाने दाण्यातील स्निग्धांश, तंतू, लोह आणि 'ब' गटातील जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा नेमका याच थोडक्या भागात साठवून ठेवला आहे. आतला पांढरा गाभा हा मुख्यतः पिष्ट असतो. तो अंकुराची शिदोरी. तिने पोट भरते व अंगी काम करण्याची शक्ती येते. मात्र ती शक्ती शरीराला वापरता यावी म्हणून जी किल्ली लागते, ती कोंड्यातच राहते.

पूर्वी हे काम घरोघर होत असे. पहाटे कोंबडा आरवण्यापूर्वी आळीआळीतून उखळात मुसळ पडल्याचा आवाज येऊ लागे. दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने घाव घालीत. काही घरी पायाने दाबावयाची ढेकी असे. पहिल्या कांडणात तूस सुटे. मग सुपाने पाखडून ते वेगळे करीत, आणि दाणा पुन्हा उखळात जाई. मुसळाच्या घावांनी थोडाफार कोंडा झडे, पण दाण्यावरचा तांबूसपणा बऱ्याच अंशी टिकून राही. तोच हातसडीचा तांदूळ. दोनतीन दिवसांपुरतेच धान एका वेळी कांडीत, कारण कोंड्यातील स्निग्धांशामुळे असा तांदूळ फार दिवस ठेवला तर त्याला खवट वास येतो. धान मात्र कणगीत वर्षभर सुखाने राहते.

या कांडणाचे आज कौतुक करणे सोपे आहे. पण ज्यांच्या हातांना त्या मुसळाने घट्टे पडत, त्यांना ते कौतुक फारसे रुचले नसते. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधारात उठून कांडावे लागे. आजारपणातही तिला सुटका नसे. म्हणून गावात वाफेची, पुढे विजेची गिरणी आली तेव्हा घरोघरच्या बायांनी तिचे मनापासून स्वागत केले असल्यास नवल नाही. गिरणीने तासांचे काम मिनिटांवर आणले. मात्र तुसाबरोबर तिने कोंडाही काढला, अंकूर काढला आणि दाणा घासूनपुसून मोत्यासारखा पांढरा केला. पांढरा भात हे श्रीमंतीचे लक्षण ठरले. पाहुण्याच्या पानात तांबूस भात वाढावयाला यजमानाला संकोच वाटू लागला. व्यापाऱ्यालाही पांढरा तांदूळच सोयीचा होता, कारण तो महिनोन्‌महिने गोदामात टिकतो.

या पांढऱ्या भातात उणीव काय आहे, हे प्रथम उलगडले ते भंडाऱ्यापासून फार दूर, पण भातच खाणाऱ्या एका देशात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डच लोकांचे राज्य होते. तेथील सैनिक आणि कैदी बेरीबेरी नावाच्या रोगाने हैराण झाले होते. या रोगात पायांतील बळ जाते, स्पर्श कळेनासा होतो, पुढे अंगावर सूज येते आणि हृदय थकून रोगी दगावतो. त्या काळी प्रत्येक रोगाच्या मुळाशी जंतू शोधण्याची शास्त्रज्ञांना सवय जडली होती. क्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टरही बटेव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, या रोगाचा जंतूच शोधीत होता. प्रयोगासाठी त्याने कोंबड्या पाळल्या होत्या. १८८९ मध्ये एके दिवशी त्या कोंबड्याच लंगडू लागल्या, मान टाकू लागल्या. रोग्यांची लक्षणे त्यांच्यात दिसू लागली. आणि काही महिन्यांनी, कोणतेही औषध न देता, त्या बऱ्या झाल्या!

आइकमान बुचकळ्यात पडला. चौकशी करता कळले ते असे. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातील उरलेला शिजवलेला पांढरा भात घातला जात होता. नंतर तेथे नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात लष्कराबाहेरच्या कोंबड्यांना का म्हणून घालावा, असे म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्यांच्या नशिबी पुन्हा साधा, न घासलेला तांदूळ आला, आणि त्याच तांदळाने त्यांना वाचविले. स्वयंपाक्याच्या त्या काटेकोर हिशेबीपणाचे वैद्यकशास्त्रावर केवढे उपकार झाले, हे त्याला स्वतःला कधी कळले असेल असे वाटत नाही.

आइकमानचा मित्र फोर्डरमान याने मग जावातील सुमारे शंभर तुरुंगांतून माहिती गोळा केली. जेथे कैद्यांना पांढरा तांदूळ मिळे तेथे बेरीबेरीचे रोगी पुष्कळ होते; जेथे तांबूस तांदूळ मिळे तेथे ते जवळजवळ नव्हतेच. तरीही आइकमानला आरंभी वाटले की पांढऱ्या भातात काही विष असावे व कोंडा हा त्यावरील उतारा असावा. १९०१ मध्ये त्याच्या जागी आलेल्या ग्राइन्स या डॉक्टराने खरा अर्थ सांगितला: पांढऱ्या भातात विष नाही, त्यात काहीतरी आवश्यक द्रव्य नाही. असलेल्या वस्तूमुळे नव्हे, तर नसलेल्या वस्तूमुळे रोग होतो, ही कल्पनाच त्या वेळी नवी होती. त्याच वाटेने पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला. कोंड्यातील ते द्रव्य म्हणजे 'ब-१' जीवनसत्त्व होय. आइकमानला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार करण्याचे काम १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने केले. त्याचा जन्म आपल्याकडे, आंध्रातील नेल्लोर येथे झाला होता.

हिंदुस्थानातही या रोगाचा अभ्यास चालू होता. १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टराने लहानशा प्रमाणावर संशोधन सुरू केले. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था हा त्याच रोपट्याचा आजचा वृक्ष. आंध्रच्या किनाऱ्यावर गिरणीत सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी आढळे, तर उकडा तांदूळ खाणाऱ्या दक्षिणेकडील लोकांत तो क्वचितच दिसे. उकडा तांदूळ करताना धान तुसासकट भिजवितात, वाफवितात, वाळवितात आणि मग सडतात. भिजताना कोंड्यातील जीवनसत्त्व पाण्याबरोबर गाभ्यात झिरपते, म्हणून पुढे कोंडा गेला तरी सारेच गमावत नाही. कोकणात आणि गोव्यात सकाळी उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या कष्टकऱ्याला हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पेजेने अंगात बळ राहते एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

विदर्भात या प्रश्नाला वाचा फुटली ती वर्ध्यास. डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने तेथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचे कार्यालय थाटले गेले आणि अर्थशास्त्राचे जाणकार जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची सूत्रे हाती घेतली. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ या साध्या वस्तू त्यांच्या कार्यक्रमात अग्रभागी होत्या. तांदूळ कितपत सडावा याविषयी गांधींनी डॉक्टरांची मते मागविली आणि 'हरिजन' पत्रातून हा विषय वारंवार मांडला. त्यांच्या दृष्टीने येथे दोन प्रश्न एकत्र आले होते. गिरणीमुळे खाणाऱ्याचे सत्त्व जात होते आणि कांडून पोट भरणाऱ्या गरीब बाईची मजुरी जात होती. सन १९३८ मध्ये उघडलेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात अशा ग्रामोद्योगांचा संसार मांडलेला आहे.

येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. जे शेतातून जसेच्या तसे आले ते सारे हितकारकच, असे मानणे चुकीचे आहे, आणि याचा दाखला भंडाऱ्याच्या त्याच बांधीत मिळतो. धान कापणीला येण्यापूर्वी ओल्या जमिनीत येथे लाखोळी फेकून पेरतात. तिला ना नांगरट लागते ना पाणी. इतर पिके करपली तरी ती तग धरते. तिची डाळ स्वस्त आणि पौष्टिक. परंतु तिच्यात एक विषारी द्रव्यही असते. वरणभाताबरोबर थोडी खाल्ली तर तिचा त्रास सहसा होत नाही; पण दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच गुजराण करावी लागलेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडल्याची उदाहरणे मध्य भारतात पुष्कळ घडली आहेत. म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर देशात बंदी आली. महाराष्ट्राने ही बंदी २००८ मध्ये उठविली. अलीकडे कमी विषाचे वाण निघाले आहेत, आणि डाळ भिजवून, उकळून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच भाग निघून जातो. बेरीबेरी काय किंवा लाखोळीचा पांगळेपणा काय, ज्याच्या पानात एकाच पदार्थाचा ढीग असतो त्यालाच हे रोग गाठतात. भाताशेजारी डाळ, पालेभाजी, मासळी, जवसाची चटणी असेल तर पांढरा भात खाणाराही सहसा आजारी पडत नाही.

आणखीही एक अडचण आहे. पिकावर फवारलेल्या कीटकनाशकाचा जो अंश उरतो, तो गाभ्यापेक्षा बाहेरच्या थरात अधिक सापडतो. म्हणजे कोंडा पोटात जावा असे वाटत असेल, तर तो ज्या शेतात पिकला ते शेतही स्वच्छ असले पाहिजे. शेणखत, तलावाचा गाळ, धैंच्याचे हिरवळीचे खत यांवर पोसलेल्या धानाची जी मागणी आज शहरांतून वाढते आहे, तिच्या मागे हे साधे कारण आहे. चिन्नोरसारखे सुवासिक जुने वाण या पद्धतीने पिकविले तर त्यांना भावही चांगला मिळतो. एकरी उत्पन्न मात्र पहिली काही वर्षे कमी येते. लहान शेतकऱ्याने ते सोसावे कसे, हा प्रश्न खाणाऱ्याने चार पैसे अधिक मोजल्यावाचून सुटणारा नाही.

२०२१ मध्ये भारत सरकारने असे जाहीर केले की शिधावाटपाच्या व शाळेतील भोजनाच्या तांदळात लोह आणि जीवनसत्त्वे मिसळलेले दाणे घालून तो २०२४ पर्यंत सर्वत्र पोहोचविला जाईल. त्या दाण्यांनी रक्तक्षयाशी झगडावे, असा हेतू होता. हेतू चांगला खरा, तरी एका यंत्राने कोंड्याबरोबर लोह घालवावे आणि दुसऱ्या यंत्राने ते आणून मिसळावे, या व्यवहाराची थोडी मौज वाटते. घासून काढलेला कोंडा तरी वाया जातो असे नाही. काही गुरांच्या पुढ्यात पडतो, आणि काही कारखान्यात जाऊन त्याचे तेल निघते. ते तेल हृदयाला हितकर म्हणून शहरात विकले जाते.

उखळमुसळाचे दिवस आता परत येणार नाहीत, आणि येण्याची गरजही नाही. रबरी रुळांची यंत्रे नुसते तूस काढून दाणा तांबूस ठेवू शकतात. पुढचे घासणे हा वेगळा टप्पा असतो आणि तो सोडून देता येतो. गिरणीवर घरचे धान नेणाऱ्याने तेवढे सांगावयाचे असते. असा तांदूळ थोडाच आणावा, कोरड्या डब्यात ठेवावा व महिन्याभरात संपवावा. तो चारपाच वेळा खसखसून धुऊ नये, एकदोनदा हलकेच विसळावा. रात्री भिजत घातला तर सकाळी लवकर शिजतो. पाणी मात्र पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त लागते. पहिल्या दिवशी तो दाताखाली जरा जाडसर वाटतो आणि घरातील एखादे मूल नाकही मुरडते. तेव्हा त्यावर ताजे वरण आणि लिंबाची फोड घालावी, आणि उरलेली पेज मीठ घालून गरम असतानाच प्यावयास द्यावी.