मराठीचे अडलेले कोड आपणच सोडवायचे

चि. भाचीस,


तू नोकरीला लागल्यापासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या जिवतीकडच्या मुलांचा कोड अडला की ती तुलाच फोन करतात, असं ताई सांगत होती. ऐकून बरं वाटलं. तुझी एक सवय मात्र मोड. स्क्रीनचा फोटो आला की तू कोड दुरुस्त करून परत पाठवतेस. त्या दिवसाचं काम भागतं, पण चूक का झाली ते मुलाला कळत नाही आणि तो तीच चूक घेऊन पुन्हा येतो.

आधी त्याला विचार: काय व्हायला हवं होतं, झालं काय, आणि एररची शेवटची ओळ काय म्हणते? मग सांग, चूक दिसेल तेवढाच कोड ठेव, बाकीचा काढून टाक. कोड छाटता छाटताच पुष्कळांना उत्तर सापडतं. ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या १९९९ च्या पुस्तकात रबरी बदकाला आपला कोड समजावून सांगण्याची गोष्ट आहे, ती यासाठीच. बदक बोलत नाही, पण सांगणाऱ्याला स्वतःची गफलत ऐकू येते.

जिवतीच्या पहाडावरच्या मुलांची अडचण आणखी वेगळी. कुणाच्या घरी कोलामी, कुणाच्या गोंडी, कुणाच्या बंजारा. शाळा मराठी आणि एरर इंग्रजीत. त्यामुळे ‘मला प्रश्नच नीट मांडता येत नाही’ म्हणून गप्प बसणारे असतात. त्यांना मराठीत विचारू दे, आणि तूही मराठीतच उत्तर दे.

लूप कुठे चुकला, फाइल का उघडत नाही, याची उत्तरं इंग्रजीत हवी तेवढी मिळतील. मराठी मजकुराचे पेच मात्र मराठीत काम करणाऱ्यांनाच पडतात. पायथनला ‘जिवती’ची लांबी विचारलीस तर तो ५ सांगतो, कारण वेलांट्याही तो वेगळ्या मोजतो, वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात तीन. हा शब्द उलटा करायला गेलीस तर वेलांट्या भलत्याच जागी जाऊन बसतात. ‘४०’ हा आकडा पायथन मुकाट्याने संख्या म्हणून घेतो, जावास्क्रिप्ट मात्र ती संख्याच नव्हे म्हणतं.

सगळ्यात छळतो तो ‘शेतकऱ्यांची यादी’मधला ‘ऱ्या’. युनिकोडमध्ये तो ‘ऱ’ हे अक्षर घेऊन लिहिता येतो, तसाच साधा ‘र’, हलंत आणि न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत वापरूनही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. मग शोध घेतला की निम्मी नावं गायब! युनिकोडचं नेहमीचं एनएफसी रूपांतरही हा फरक मिटवत नाही. यादी आत घेतानाच एक रूप ठरवून दुसरं बदलून टाकावं लागतं.

आपल्याकडे त्यात भर सीमेची. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचा दावा. एकाच गावाचं नाव मराठीत, तेलुगूत आणि रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहिलेलं सापडणार. तिथे नावावरून दोन याद्या जोडणारा कोड फसणारच. गावं ओळखणाऱ्या माणसाला शेजारी बसवून जुळणीचा तक्ता एकदा हाताने करायचा आणि कोडने तो वापरायचा. हे बाहेरचा प्रोग्रॅमर तुला सांगू शकणार नाही. त्याने ही गावं पाहिलेलीच नाहीत.

म्हणून एवढं कर. सोडवलेला प्रत्येक प्रश्न मराठीत लिहून ठेव: चूक, तिचं कारण, छोटासा चालणारा कोड. पहाडावर रेंज सगळीकडे नसते, तेव्हा साध्या मजकुराची फाइल ठेव. पेनड्राइव्हवरूनही ती हातोहात फिरेल. आणि ज्याला आज मदत केलीस, त्याला पुढच्या मुलाचं उत्तर लिहायला लाव. तू एकटी किती फोन घेणार?

तुझा,
मामा