नव्या चवीवरील आळ

जिभेची आवडनिवड मनुष्य जन्मतःच घेऊन येतो, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती किती कच्ची आहे, हे पाहावयाचे तर उंदरांकडे जावे लागेल.

सॅनफ्रान्सिस्को येथील अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत जॉन गार्सिया यांना असे दिसले की, किरणोत्सर्ग सोसलेले उंदीर प्रयोगाच्या पेटीत पाणी पिण्यास नाखूष असतात. आपल्या पिंजऱ्यात मात्र ते नेहमीप्रमाणे पितात. हा जागेचा गुण म्हणावा, तर पेटीतील बाटली प्लास्टिकची आणि पिंजऱ्यातील काचेची! आळ आला होता तो प्लास्टिकच्या चवीवर. पुढे १९५५ साली त्यांनी सॅकरिनच्या गोड पाण्यावर हीच गोष्ट सिद्ध केली.

याहून मार्मिक प्रयोग रेव्हस्की व बेडार्फ यांचा, १९६७ सालचा. त्यांनी उंदरांना एक ओळखीचे व एक अनोळखी खाद्य देऊन मग किरणांनी आजारी पाडले. ओळखीचे खाद्य आजाराच्या अधिक निकट खाल्लेले असतानाही उंदरांनी पुढे टाळले ते अनोळखीच. पूर्वपरिचय ही जणू निर्दोषत्वाची सनदच!

आमच्या घरी याहून निराळा न्याय झाला नाही. आमच्या सूनबाई मालवणाकडच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी तिरफळे घालून आमटी केली, आणि त्याच रात्री धाकट्या चिरंजीवांस वांत्या झाल्या. आमटीनंतर त्यांनी बाजारातील कापलेले कलिंगडही खाल्ले होते; पण कलिंगड पडले वर्षानुवर्षांचे ओळखीचे! आमटी हद्दपार झाली. सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्या आता वर्षातून दोनचार वेळा ती स्वतःपुरती करतात आणि मागाहून एकट्या जेवतात.

कॅनडातील गेलेफ व विगमोर यांनी १९८३ साली दाखविले की, कोको किंवा दालचिनी मिसळलेले खाद्य खाऊन आलेल्या उंदराचे तोंड दुसऱ्याने हुंगले, की तो दुसराही पुढे त्याच खाद्याकडे अधिक वळतो. कापसाच्या गोळ्याला तेच खाद्य फासून पुढे ठेविले, तर हा गुण येत नाही. त्यास सोबत्याच्या श्वासाचा वास लागतो.

आमची चार वर्षांची नात हल्ली आईच्या पानाशेजारी जाऊन बसते.