घोड्यांच्या वाटेवर सायकल

दक्षिण फ्रान्समधला 'कनाल द्यू मिदी' हा २४० किलोमीटरचा कालवा १६८१ मध्ये पूर्ण झाला. तो बांधणारे पिएर-पॉल रिके आदल्याच वर्षी वारले. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने केलेल्या वाटेवर आम्ही ग्रॅव्हल बाइक चालवल्या. तूलूझपासून पन्नासेक किलोमीटर डांबर, पुढे खडी-माती. जाड टायर हवेतच! ना गाड्या, ना हॉर्न. नोरूझला कालव्याचं पाणी वाटलं जातं : थोडं अटलांटिककडे, थोडं भूमध्य समुद्राकडे. पुढे मात्र मध्येच सावली तुटते. काश्मिरी चिनाराचे भाऊबंद असलेले काठावरचे हजारो प्लेन वृक्ष बुरशीच्या रोगामुळे तोडावे लागले. आता तिथे नवी रोपं लावताहेत. जुनी दाट सावली अनुभवायची असेल, तर लवकर जा. नवी सावली मिळेल ती आपल्या मुलांना.