बारीच्या खळ्यावरची थंडी

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अकोले तालुक्यात त्याच्या पायथ्याशी बारी हे गाव आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटीमार्गे जीप. खर्च आपल्या कुटुंबांना झेपतो, म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्ही कार्यकर्ते वस्तीतील पंधरा-वीस मुलामुलींना तेथे नेतो. सूर्योदय शिखरावर पाहायचा तर वाटाड्या घेऊन पहाटे तीनला निघावे लागते. साहजिकच आदली रात्र पायथ्याशी, एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यावर काढणे आले.

"भाऊ, पोरं उघड्यावर गारठतील, आजारी पडली तर?" हा आईबापांचा पहिला प्रश्न. तो रास्त आहे. पोर आजारी पडले की आईचा कामावर खाडा होतो आणि दिवसाची मजुरी बुडते. गिर्यारोहकांच्या दुकानातील झोपायची पिशवी घ्यायला आपल्याकडे पैसे नाहीत. पण तिच्यावाचून अडतेच असेही नाही.

आमच्याबरोबर स्वयंपाकाला एक मावशी येतात. ऊसतोडीच्या फडावर त्यांनी बारा हंगाम काढले. त्यांचे म्हणणे एकच, "पांघरूण कमी असलं तरी चालंल, पर खाली पाचट जाड पाहिजे." मी कारकून, हिशेबाचा माणूस, मला हा हिशेब पटला. आपण अंगावर दोन चादरी घेतो आणि खाली एक चटई टाकतो. अंगाची ऊब गार भुई रात्रभर ओढून घेते. गोधडी ऊब धरते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. अंगाखाली ती दबली की हवा निघून जाते. पेंढ्याच्या पोकळ काड्या तशा दबत नाहीत.

बारीला पाचट नाही, पण भाताचा पेंढा आहे. आधी जमिनीवर प्लॅस्टिक, त्यावर वीतभर पेंढा, मग सतरंजी आणि गोधडी. पेंढा म्हणजे त्या घरच्या गुरांचे वैरण, हे मुलांना आधीच सांगतो. त्याचे पैसे मोजून देतो.

जागाही पाहून घ्यावी. ओढ्याकाठचा सखल भाग रम्य दिसतो, पण गार हवा जड, ती रात्री उतरून तेथेच साचते. निरभ्र आकाशाखाली ऊब वर निघून जाते आणि दवही पडते, म्हणून आम्ही झाडाखाली किंवा पडवीच्या कडेला अंथरतो.

झोपण्यापूर्वी घामाचे बनियन बदलायचेच. ओला कपडा अंगावर असेल तर चार गोधड्याही कमी पडतात. कानटोपी, कोरडे मोजे, दोन पांघरुणांत जुनी वर्तमानपत्रे. तोंड मात्र पांघरुणात घ्यायचे नाही, श्वासाने ते ओलसर होते. बारकी पोरे मधे. पोटात भाकरी-पिठले, वर मूठभर शेंगदाणे आणि गूळ. लघवी लागली तर अंग चोरून पडून राहू नये, उठून जाऊन यावे, झोप बरी लागते.

दोन गोष्टींत आम्ही कडक आहोत. मोठ्यांपैकीही कोणी दारू घ्यायची नाही. तिने कातडीतील रक्तवाहिन्या फुगतात, ऊब आल्यासारखी वाटते आणि अंग आतून गार पडत जाते. दुसरी गोष्ट, बंद तंबूत किंवा खोलीत शेगडी न्यायची नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. शेकोटी पेंढ्यापासून लांब, आणि निजण्याआधी पाणी टाकून विझवलेली.

हुडहुडी भरली तर घाबरू नये, शरीर ऊब तयार करत असते. पण जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, पोर गुंगीत गेले आणि काकडणे थांबले, तर तो धोका आहे. कोरडे कपडे, गोधडी, शेजारी दुसऱ्याची ऊब. शुद्धीवर असेल तरच गोड चहा, आणि लगेच दवाखाना. हातपाय चोळू नयेत.

वरची थंडी आणखी निराळी. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यात वारा. वाटेवरच्या लोखंडी शिड्या हाताला चटका दिल्यासारख्या लागतात, हातमोजे नसतील तर पायमोजे हातात घालावेत. उजाडल्यावर भंडारदऱ्याचे पाणी दिसते, अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे राहतात. तेथे मुले फार वेळ गप्प असतात, एरवी ती कधी गप्प नसतात.

उतरल्यावर पेंढा झटकून पुन्हा गंजीला लावायचे काम त्यांचेच. ते झाले की चहा, आणि मग घोटीची जीप.