पुसलेलं तेल

आमच्या घरी आजोबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. फियाट ११००वर बेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. घरात सगळे तिला अजून ‘फियाट’च म्हणतात. आजोबा गेल्यावर तिची देखभाल माझ्याकडे आली. देखभाल म्हणजे काय, रविवारी मिसाआधी पुसायची आणि तेलपाणी बघायचं.

पावसाळ्यात उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला. मी फडक्याने पुसला. पुढच्या रविवारीही पुसला. कुणाला सांगितलं नाही. पप्पा गाडी विकायचं म्हणत होते, त्यात खर्च निघाला तर विषयच संपला असता.

डिसेंबरात जुन्या गोव्याच्या फेस्ताला निघालो. आजी मागे बसली होती, हातात रोझरी. चोर्ला घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली, जळक्या तेलाचा वास आला. पप्पांनी गिअर खाली घेत कशीबशी कडेला लावली. कारण फक्त मला ठाऊक होतं. आजीला दुसऱ्या गाडीने घरी पाठवलं, फियाट टो करून बेळगावात आणली. फेस्त चुकलं.

मिस्त्रींनी ड्रम काढला, तर ब्रेक शू तेलात भिजलेले.

“सील बदललं की झालं ना?” मी विचारलं.

त्यांनी ॲक्सल धरून हलवला. “बेअरिंग खेळतंय बघ की. शाफ्ट असा डुलत असला, तर नवं सील किती दिवस टिकंल?”

चार बोल्ट सोडवून शाफ्ट बाहेर ओढला. बेअरिंगला धरून ठेवणारी घट्ट कडी छिन्नीने फोडावी लागली, नवं बेअरिंग आणि नवी कडी प्रेसवर बसवून आणली. सीलच्या ओठाला तेल लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, मिस्त्रींनी ते लाकडी ठोकळ्याने सगळीकडून सारखं ठोकत बसवलं. ॲक्सलच्या नळकांड्यावरचा हवा जायचा ब्रीदर चिखलाने बुजला होता, तोही साफ केला. तो बुजला की आतला दाब तेलाला सीलमधूनच बाहेर ढकलतो. ब्रेक शू धुऊन चालत नाहीत म्हणून दोन्ही बाजूंचे नवे टाकले.

त्या रात्री पप्पांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गाडी विकली असती तरी चाललं असतं गं. मागे आजी बसली होती.”

गाडी अजून विकलेली नाही. पण आता चाकाखाली एक थेंब दिसला तरी आधी पप्पांना हाक मारते, मग फडकं शोधते.