प्रश्न कळला नाहीं

इंग्रजीच्या परीक्षेंत एक प्रश्न असा आहे, कीं तो घालतांना मला आजहि थोडा संकोच वाटतो. ‘पुढील कवितेचें क्रिटिकल ॲप्रिसिएशन लिहा’ हा तो प्रश्न. नवख्या विद्यार्थ्याला हे दोन शब्द एकमेकांचे हाडवैरी भासतात. पहिला म्हणतो, दोष काढा. दुसरा म्हणतो, वाखाणणी करा! वास्तविक पहिल्याचा अर्थ पारख, आणि दुसऱ्याचा योग्य मोल जाणणें. आपला ‘रसग्रहण’ हा शब्द गोड खरा. परंतु त्यांत पारखीचा डोळा किंचित् मिटलेलाच राहतो.

पंचवीस वर्षांपूर्वीं अमरावतीस मी उत्तरपत्रिका तपासीत होतों. कविता कीट्सची, १८१९ च्या सप्टेंबरांत विंचेस्टर येथें लिहिलेली, शरदृतूवरची. बहुतेकांनीं गाइडांतलीं तींच तीं वाक्यें उतरून काढलीं होतीं. अकोल्याकडच्या खेड्यांतून आलेल्या एका मुलानें मात्र दोष काढले होते. कवीनें शरदाला अर्धवट कापणी झालेल्या शेतांत झोपविलें, हें त्याला मानवलें नाहीं. सुगीच्या दिवसांत शेतांत माणूस झोपतो तो थकव्यानें; कवीनें तो थकवा पाहिलाच नाहीं, असें त्याचें म्हणणें. अफूच्या फुलांच्या वासानें आलेली गुंगी त्याच्या नजरेंतून निसटली होती, हेंहि खरें. मीं तांबड्या शाईनें ‘प्रश्न कळला नाहीं’ असा शेरा मारला आणि वीसांपैकीं पांच गुण दिले.

पुढें एकदां दिवाळीनंतर बडनेऱ्याहून अकोल्यास चाललों होतों. मूर्तिजापूर मागें पडलें. बोंडें फुटून शेतें पांढरीं झालीं होतीं. आणि धुऱ्यावरच्या निंबाखालीं, कंबरेची कापसानें भरलेली ओटी न सोडतांच, एक वेचणारी बाई डोळे मिटून पडली होती. गाडी पुढें गेली. पण मी त्या उत्तरपत्रिकेपाशींच अडलों.

आय. ए. रिचर्ड्स यांनीं केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींचीं नांवें न सांगतां कविता वाचावयास दिल्या, आणि त्यांच्या अभिप्रायांवरून १९२९ सालीं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ सिद्ध केला. तेथल्या सुशिक्षितांचें वाचनहि किती ठराविक, उसन्या भावनांवर चालतें, हें त्यांत उघड झालें. तो ग्रंथ मी दरवर्षीं वर्गांत वाखाणीत असें! आणि उसनें नसलेलें एकमेव उत्तर हातीं आलें, तेव्हां त्याला पांच गुण दिले.

ते गुण आतां वाढवितां येत नाहींत. म्हणून हल्लीं परीक्षेपूर्वीं मी मुलांना सांगतों: आधीं कवितेंत काय आहे तें नीट पाहा, मग तें कवीनें कसें घडविलें तें सांगा, आणि शेवटीं, तुमच्या धुऱ्यावरून तें कसें दिसतें, हें लिहावयास भिऊं नका.

तो तांबडा शेरा खरोखर कोणावर मारावयास हवा होता, हें मात्र अजून वर्गांत सांगण्याचें धैर्य मला झालेलें नाहीं.